मुलांसाठी सजगतेचा सराव: घरी आणि शाळेच्या परिपाठात तो कसा घ्यावा

नाकाशी येणारा-जाणारा श्वास, तळपायाला लागणारी गार फरशी, रस्त्यावरून येणारा हॉर्नचा आवाज, पोटात उसळलेला राग, अशा या क्षणी प्रत्यक्ष घडत असलेल्या एखाद्या गोष्टीकडे थोडा वेळ लक्ष देणे आणि तिला लगेच चांगली किंवा वाईट न ठरवणे, एवढाच सजगतेच्या सरावाचा गाभा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट वेदना आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला आणि तेथून माइंडफुलनेस या नावाने ही पद्धत रुग्णालयांत, कार्यालयांत आणि पुढे शाळांतही पोहोचली. महाराष्ट्राला ती अगदीच नवी नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्राशी जोडलेल्या, सत्यनारायण गोयंका यांच्या विपश्यना ध्यानाच्या परंपरेत मुलांना आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाचे निरीक्षण, अनेक वर्षांपासून शिकवले जाते आणि राज्याच्या शिक्षण विभागाच्या सहकार्याने राबवलेल्या ‘मित्र’ उपक्रमातून ते शाळांपर्यंत गेले आहे. दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांत नर्सरी ते आठवीसाठी जो हॅपिनेस अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही काही मिनिटांच्या अशाच शांत निरीक्षणाला रोज जागा होती.

साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसोबत हा सराव घरी किंवा वर्गात कसा सुरू करावा, त्यातून काय मिळण्याची अपेक्षा धरावी आणि कुठे थांबावे, ते पुढे दिले आहे. कोणतेही साहित्य विकत आणावे लागत नाही.

आधी अपेक्षा तपासून घ्यावी

पालकांची मागणी बहुधा एकच असते: ‘आमचा एका जागी दोन मिनिटे बसत नाही, त्याला काहीतरी ध्यानबिन शिकवा.’ ही मागणी समजण्यासारखी आहे, पण घोटाळ्याची सुरुवातही तिच्यातच आहे. मूल गप्प बसले तर त्याचा फायदा प्रामुख्याने घरातल्या मोठ्यांना होतो, आणि मुलांना हे फार लवकर कळते. ‘गप्प बस’ऐवजी ‘श्वासाकडे लक्ष दे’ असे म्हटले जात आहे, एवढाच फरक त्यांना दिसला, तर सराव आठवडाभरात मोडतो आणि पुढे ‘श्वास’ या शब्दालाही मुले तोंड वाकडे करतात. माझ्या मते पालकांनी पहिल्या दिवशीच मनाशी एक गोष्ट ठरवावी: हा सराव शिस्त लावण्यासाठी वापरायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

मुलाला स्वतःला होणारे लाभ वेगळे आहेत. पहिला लाभ लक्षाचा. श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले की मुलाचे मन तीन-चार श्वासांतच सुटते आणि खाली चाललेल्या क्रिकेटकडे, डब्यात काय असेल याकडे किंवा कालच्या भांडणाकडे जाते. मन सुटले आहे हे ध्यानात येणे आणि ते मुलाने स्वतःच परत आणणे, हाच खरा व्यायाम आहे. मन जितक्या वेळा सुटेल तितक्या वेळा तो करायची संधी मिळते. म्हणून ‘माझे लक्षच लागत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलाला ‘सुटलेले तुला कळले ना? मग जमतेय की’ असे उत्तर द्यावे. अभ्यास करताना तेच पान चौथ्यांदा वाचणाऱ्या मुलाला हीच सवय उपयोगी पडते, कारण मन भरकटल्याचे त्याला पानाच्या शेवटी कळण्याऐवजी दुसऱ्याच ओळीवर कळू लागते.

दुसरा लाभ रागाच्या आणि भीतीच्या प्रसंगातला. आवेग आवरणे, थांबून विचार करणे ही कामे मेंदूच्या कपाळामागच्या ज्या भागाकडे असतात, तो भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. धोक्याची घंटा वाजवणारी मेंदूतील यंत्रणा मात्र लहानपणापासूनच तत्पर असते. आठ वर्षांच्या मुलाला ‘आधी शांत हो’ असे दरडावून तो शांत होत नाही, त्याचे हे एक साधे कारण आहे. भावनेला नाव दिल्याने तिची धार थोडी कमी होते असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमांच्या आधारे दाखवले. तो प्रयोग प्रौढांवर झाला होता, तरी ‘मला राग आलाय’ असे म्हणू शकणारे मूल हात उगारणाऱ्या मुलापेक्षा एक पाऊल पुढे असते, हे कोणत्याही बालवाडीच्या ताईंना प्रयोगाशिवाय ठाऊक असते.

तिसरा लाभ झोपेचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शाळेत श्वास आणि शरीराच्या हालचालींवर आधारलेले सजगतेचे शिक्षण मिळालेल्या मुलांची रात्रीची झोप दोन वर्षांच्या काळात सरासरी ७४ मिनिटांनी वाढल्याचे आढळले. ही मुले गरीब आणि असुरक्षित वस्तीतली होती. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला अधिक बोलकी वाटते: झोप सुधारत असतानाही मुलांनी आपल्याला जाणवणारा ताण वाढल्याचे सांगितले. संशोधकांच्या मते ताण म्हणजे काय हे मुलांना ओळखू येऊ लागले होते, हे त्यामागचे एक कारण असू शकते. सराव सुरू केल्यावर मूल पूर्वीपेक्षा जास्त तक्रारी सांगू लागले, तर पालकांनी म्हणूनच लगेच घाबरून जाऊ नये.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलांवर झालेल्या ३३ यादृच्छिक चाचण्यांचा, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या प्रयोगांचा, २०१९ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा लक्ष, चिंता आणि वर्तन यांत सुधारणा दिसली खरी, परंतु ती अल्प प्रमाणात होती. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक किशोरवयीन विद्यार्थ्यांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले आणि शाळांत आधीपासून चालू असलेल्या नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा सजगतेच्या तासांनी मुलांचे मानसिक आरोग्य अधिक सुधारले, असे त्यातून दिसले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांना मात्र फायदा झाला, त्यांचा थकवा कमी झाल्याचे आढळले. या निष्कर्षांनी निराश होण्याचे कारण नाही, पण त्यांतून घेण्यासारखे बरेच आहे: सगळ्या वर्गाला सक्तीने दिलेले दहा तास आणि घरी शून्य सराव यांतून फारसे निघत नाही, आणि मोठ्यांनी स्वतः केलेला सराव वाया जात नाही.

सुरुवात मोठ्यांनी करावी

म्हणून पहिला आठवडा मुलाला काहीच सांगू नये. आईने किंवा बाबांनी रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बसावे आणि आपला श्वास पाहावा. मूल येऊन विचारतेच की ‘काय करतेस?’ तेव्हा ‘श्वास बघतेय, बसायचे तर बस’ एवढेच म्हणावे आणि ते बसले नाही तरी आपण उठू नये. ज्या घरात आजी रोज माळ ओढत बसते त्या घरात निम्मे काम आधीच झालेले असते. तिच्याशेजारी बसण्याची सवय नातवंडांना सहज लागते आणि तिथे कोणी कोणाला उपदेश करत नसते.

वेळेच्या बाबतीत एकच नियम पाळावा: सराव रोजच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधावा. पूर्वी तिन्हीसांजेला दिवा लागला की हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसायचे असा घराघरांत रिवाज होता, आणि त्या वेळेची आठवण कोणाला करून द्यावी लागत नसे. आता त्या वेळी मूल शिकवणीच्या वर्गात किंवा रिक्षात असते. मग शाळेतून आल्यावर बूट-मोजे काढले की, किंवा रात्री दात घासून झाले की, अशी जागा शोधावी. टीव्ही किंवा मोबाइल नुकताच हातातून काढून घेतला आहे अशा वेळी मात्र सराव घेऊ नये, कारण मुलाच्या दृष्टीने ती शिक्षाच ठरते.

किती वेळ बसावे, हे वयावर अवलंबून आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एक-दोन मिनिटे पुष्कळ झाली, सात ते दहा वर्षांच्या मुलाला तीन ते पाच मिनिटे, आणि त्यापुढे मुलाची तयारी पाहून दहा मिनिटांपर्यंत जावे. रविवारी अर्धा तास बसवून आठवड्याची भरपाई करण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

पहिला खेळ: आवाज संपेपर्यंत

लहान मुलांची सुरुवात श्वासापासून करू नये, आवाजापासून करावी, कारण आवाज बाहेर असतो आणि पकडायला सोपा असतो. याला काशाची वाटी, देवघरातली घंटा किंवा भजनाचे टाळ यांपैकी काहीही चालते. स्टीलच्या ताटाचा आवाज चटकन विरतो, म्हणून ते नको. मोबाइलवरची घंटाही नको, कारण तिच्यामागोमाग कोणाचा तरी संदेश येतो. टाळ वापरत असल्यास जोडीतला एक दोरीने मोकळा लटकता धरावा आणि दुसऱ्याच्या काठाने त्याला एकदाच हलका टोला द्यावा. टाळाला बोट लागले तर आवाज लगेच मरतो. हे मुलांना मुद्दाम करून दाखवले तर त्यांना फार आवडते आणि पुढे टाळ कोणी धरायचा यासाठी रांग लागते.

सूचना अशा द्याव्यात: ‘हात मांडीवर. डोळे मिटायचे असतील तर मिटा, नाहीतर समोरच्या फरशीकडे बघा. आवाज ऐकू येतोय तोपर्यंत हात खाली. संपला असे वाटले की हात हळूच वर. शेजारी काय करतोय ते बघायचे नाही, प्रत्येकाला तो वेगवेगळ्या वेळी संपेल.’

पहिल्या दिवशी तीन सेकंदांत अर्ध्या वर्गाचे हात वर जातात. दुसऱ्या दिवशी ती चढाओढ उलटी फिरते आणि ‘बाई, माझ्या कानात अजून वाजतोय’ असे म्हणत शेवटपर्यंत हात खाली ठेवणारा एखादा निघतोच. त्याला खोटे पाडू नये. बाईंनी ‘बरं, संपला की सांग’ एवढेच म्हणावे. कोणाचा हात शेवटी वर गेला याला काही बक्षीस नाही हे दोन-तीन दिवसांत सगळ्यांच्या लक्षात येते आणि मग मुले खरोखर ऐकू लागतात. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: ‘आवाज विरत असताना आणखी काय काय ऐकू आले?’ पंख्याची करकर, शेजारच्या वर्गातले पाढे, खिचडीच्या पातेल्यावर आपटलेला डाव, स्वतःच्या नाकातली शिट्टी, अशी उत्तरे येतात. ती सगळी फळ्यावर लिहावीत आणि कोणत्याही उत्तराला ‘छान’ म्हणू नये. एका उत्तराला छान म्हटले की पुढची सगळी उत्तरे शिक्षकांना खूश करण्यासाठी येऊ लागतात.

श्वास पाहणे

आवाजाचा खेळ अंगवळणी पडला की श्वासाकडे वळावे. घरी मुलाला सतरंजीवर किंवा चटईवर उताणे झोपवून बेंबीच्या थोडे वर एखादे पातळ पुस्तक ठेवावे आणि ते वर-खाली होताना पाहायला सांगावे. ‘खोल श्वास घे’ असे मात्र सांगू नये. सांगितले की मुले खांदे उचलून, नाक फेंदारून, छाती फुगवून श्वास ओढतात आणि दहा श्वासांत त्यांना गरगरते. आहे तसा श्वास पाहायचा आहे. तो जलद असेल तर जलद, उथळ असेल तर उथळ.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला साधारण १८ ते २५ वेळा चालतो, तर मोठ्या माणसाचा १२ ते २० वेळा. त्यामुळे मोठ्यांनी आपल्या गतीने ‘श्वास घे, एक, दोन, तीन, चार’ असे मोजले तर मुलाची घुसमट होते. श्वास रोखून धरण्याचे प्रकार लहान मुलांकडून घरी करून घेऊच नयेत. प्राणायाम ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती जाणकाराकडूनच शिकावी.

एक अपवाद उपयोगाचा आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि घेताना वाढतात. छातीतून जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हे घडते आणि मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा ठळकपणे दिसते. मूल घाबरले असेल तेव्हा सोडलेला श्वास थोडा लांबवणे म्हणूनच कामी येते. गरम दुधावर फुंकर घालतो तशी हळू आणि लांब फुंकर चार-पाच वेळा घालायला सांगितली की पुरते.

परीक्षेच्या वर्गासाठी, इंजेक्शनच्या रांगेसाठी आणि स्नेहसंमेलनात रंगमंचावर जाण्याआधीच्या दोन मिनिटांसाठी बोटांची युक्ती शिकवून ठेवावी. डाव्या हाताचा पंजा पसरायचा, उजव्या तर्जनीने अंगठ्याच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून बोटाची कड चढताना श्वास घ्यायचा आणि उतरताना सोडायचा. करंगळीपर्यंत पाच श्वास होतात. हे बाकाखाली, कोणाला न दिसता करता येते, आणि सातवी-आठवीच्या मुलांना याच कारणाने ते पटते.

खाणे आणि चालणे

तासगाव-सांगलीकडचा एखादा बेदाणा घ्यावा. तो तळहातावर ठेवून सुरकुत्या पाहाव्यात, उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे, नाकाशी न्यावा, मग जिभेवर ठेवून लगेच न चावता थांबावे, आणि शेवटी चावून पहिली चव नेमकी कुठे लागली ते सांगावे. कबाट-झिन यांच्या अभ्यासक्रमातही बेदाण्याचा हाच सराव अगदी सुरुवातीला येतो. चार वर्षांखालच्या मुलांना बेदाणे, शेंगदाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊन हा खेळ खेळू नये, घशात अडकण्याचा धोका असतो. मोठ्या मुलांनीही तो बसूनच करावा. रोजच्या जेवणात याचे रूपांतर करायचे तर फक्त पहिला घास न बोलता खावा. सबंध जेवण मौनात करण्याचा आग्रह धरला की जेवणाची मजा जाते आणि सरावही जातो.

चालण्यासाठी लिंबू-चमच्याची शर्यत उलटी करावी: जो सर्वांत हळू पोहोचेल तो जिंकला, मात्र थांबायचे नाही. चळवळ्या मुलांसाठी हा सर्वांत चांगला सराव आहे. ज्या मुलाला बसणे जमतच नाही, त्याला दोन महिने फक्त हेच करू दिले तरी हरकत नाही.

राग आलेला असताना

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे सविस्तर. नऊ वर्षांची मुलगी भागाकार करत बसली आहे, तिसऱ्यांदा उत्तर चुकले आणि तिने कंपासपेटी भिंतीवर फेकली. करकटक पलंगाखाली गेले आहे, आई स्वयंपाकघरातून धावत आली आहे. या क्षणी ‘श्वास घे, श्वास घे’ असे म्हणण्यात काही अर्थ नाही; रागाच्या ऐन भरात सराव होत नाही आणि त्या वेळी लादलेला सराव मुलाच्या मनात अपमानाशी जोडला जातो. आईने खाली, तिच्या उंचीला बसावे, कमीत कमी बोलावे, आणि फेकाफेक चालूच असेल तर ‘फेकू देणार नाही’ एवढे शांतपणे सांगून वस्तू बाजूला कराव्यात. ‘राग आलाय तुला, खूप आलाय’ एवढे म्हटले तरी पुरे. तिने होकार दिला नाही तरी चालेल. गणित त्या दिवशी बंद.

सरावाची वेळ नंतर येते, तास-दोन तासांनी किंवा झोपताना, जेव्हा दोघींचीही डोकी थंड झालेली असतात. तेव्हा ‘असे का केलेस?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर मुलाकडे नसते आणि ते उगाच ‘माहीत नाही’ म्हणते. त्याऐवजी ‘पेटी फेकायच्या आधी अंगात कुठे काय झाले होते?’ असे विचारावे. पहिल्या वेळी उत्तर येत नाही. दोन-तीन प्रसंगांनंतर ‘कान गरम झाले’, ‘दात आवळले’, ‘पोटात गोळा आला’ असे काहीतरी येते, आणि ही माहिती मोलाची आहे. मग दोघींनी मिळून ठरवावे की कान गरम झाले की वही मिटायची आणि पाण्याचा एक पेला पिऊन यायचे, अर्धे गणित तसेच सोडून, आणि त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागणार नाही. सुरुवातीला मुलगी याचा फायदा घेऊन चारदा पाणी पिऊन येईल. येऊ द्यावे.

हेच पालकांनी स्वतःबद्दलही मोठ्याने बोलून दाखवावे. ‘माझा आवाज चढायला लागलाय, मी दोन मिनिटे गॅलरीत जाऊन येतो’ असे बाबांनी म्हणणे आणि खरोखर जाऊन परत येणे, यातून मूल जे शिकते ते सांगून शिकवता येत नाही.

शाळेत

परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बातम्या, बोधकथा एवढे सगळे आधीच ठासून भरलेले असते आणि मुले उन्हात उभी असतात. त्यातच आणखी दोन मिनिटांचे मौन घुसवले तर ते नावापुरते उरते. प्रार्थना संपवून मुले वर्गात गेली आणि बस्करांवर किंवा बाकांवर बसली की पहिल्या तासाआधी सराव घेणे बरे. माझी पसंती मात्र मधल्या सुट्टीनंतरच्या वेळेला आहे. तेव्हा अंगात धावपळ भरलेली असते, छातीत धडधड जाणवते आणि ‘हात छातीवर ठेवा, ठोके हळू होताना कळतात का पाहा’ या सूचनेला खरोखर काही विषय असतो.

शिक्षकांनी आपला नेहमीचा आवाज वापरावा. आकाशवाणीच्या भक्तिसंगीताच्या निवेदकासारखा स्वर काढला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. खुसखुस झालीच तर ‘हसू येतेय ते कुठे जाणवतेय, पोटात की गालात?’ असे विचारावे. साठ मुलांच्या वर्गात दहा जण चुळबूळ करतील, त्यांच्यावर डोळे वटारू नयेत. इतरांना त्रास न देता त्यांनी चित्र काढले तरी चालेल. या सरावाला गुण नकोत आणि ‘आठवड्याचा ध्यानवीर’ असा फलक तर मुळीच नको. वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले असतात, त्यामुळे सरावाला कोणताही मंत्र, मूर्ती किंवा मुद्रा जोडू नये आणि पालकसभेत आधी पालकांसमोर तो करून दाखवावा. जे पालक नको म्हणतील त्यांच्या मुलांना वाचनासाठी पुस्तक द्यावे.

कुठे जपून राहावे

डोळे मिटण्याची सक्ती कधीही करू नये. मार, अपघात, अत्याचार किंवा घरातला मृत्यू अनुभवलेल्या मुलाला डोळे मिटल्यावर नेमके तेच दिसू शकते, आणि वर्गातले असे मूल कोणते हे शिक्षकांना माहीत असतेच असे नाही. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला श्वासाकडे लक्ष दिल्यानेच धास्ती वाटू शकते. त्याला लक्ष देण्यासाठी तळपाय, हात किंवा आवाज द्यावा. चंचलतेसाठी किंवा चिंतेसाठी डॉक्टरांचे उपचार चालू असतील तर या सरावामुळे ते बंद करू नयेत. सरावात मूल रडू लागले, तर सराव थांबवून त्याला जवळ घ्यावे आणि त्या दिवशी कारण खोदून काढू नये.

काही गोष्टी मात्र सरावाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. दोन-तीन आठवडे झोप किंवा भूक गेलेली असणे, शाळेत जायला ठाम नकार, मित्रांना पूर्णपणे टाळणे, स्वतःला इजा करणे किंवा ‘मी नसलो तर बरे’ असे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर बालमानसोपचार तज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे जावे; स्वतःला इजा करण्याची कृती किंवा बोलणे असेल तर दोन-तीन आठवडेही थांबू नये. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि मुलाला घरात किंवा बाहेर कोणी त्रास देत असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

उपयोग होतो आहे का, हे कसे ओळखावे

‘शांत वाटले ना?’ असे रोज विचारू नये. मूल ‘हो’ म्हणते आणि विषय संपतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पालकांनी स्वतःसाठी दोन नोंदी ठेवाव्यात: रात्री दिवा मालवल्यावर झोप लागायला साधारण किती वेळ लागला, आणि मोठी आदळआपट झाली असल्यास ती किती वेळ चालली. आदळआपट बंद होण्याची वाट पाहू नये. चाळीस मिनिटांची पंधरा मिनिटांवर आली, तर फरक पडला आहे. मूल आपणहून ‘मला आता बोलायचे नाही, नंतर बोलतो’ असे म्हणू लागले, तर तो उद्धटपणा समजू नये. याचसाठी सारा खटाटोप होता. महिन्या-दोन महिन्यांत काहीच हलले नाही, तर वेळ वाढवण्याऐवजी प्रकार बदलून पाहावा, बसण्याच्या जागी चालणे आणि श्वासाच्या जागी आवाज घ्यावा.

बारा-तेरा वर्षांच्या पुढे मुले बहुधा एकदा तरी ‘बोअर होतेय’ म्हणून सराव सोडतात. तेव्हा मागे लागू नये, आपला सराव चालू ठेवावा आणि बोटांची युक्ती त्यांच्याजवळ राहिली आहे एवढ्यावर समाधान मानावे. एखाद्याला उलट अधिक शिकावेसे वाटते. अशा मुलांसाठी विपश्यना केंद्रांतर्फे आठ वर्षांपासून पुढच्या मुलांची आनापान शिबिरे घेतली जातात आणि त्यांना शुल्क नसते. मुलाला पाठवण्याआधी शिबिराचे वेळापत्रक मागून घ्यावे, बसण्याच्या सत्रांमध्ये खेळाला किती वेळ आहे ते पाहावे, दमा, फिट्स किंवा चालू औषधे असतील तर अर्जात स्पष्ट लिहावे, आणि जायचे की नाही हे शेवटी मुलाला ठरवू द्यावे.